रंगाला भुललं की वर्षाची चटणी फसते

होळी झाली, उन्हाचा चटका वाढला की सांगली जिल्ह्यातल्या गावागावांत चटणीचा हंगाम सुरू होतो. आठवडी बाजारात मिरचीचे ढीग लागतात, गच्चीवर जुन्या साड्या अंथरून मिरची वाळत पडते आणि कांडप गिरणीपुढं डब्यांची रांग लागते. रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या नाकाला पदर नाहीतर टॉवेल असतो. इथं चटणी म्हणजे ताटाच्या डाव्या बाजूला वाढायची चव नव्हे. चटणी म्हणजे कांदा-लसूण घातलेलं वर्षाचं तिखट. एकदा कुटून बरणीत भरलं की पुढच्या होळीपर्यंत रोजची आमटी, भाजी, कालवण त्याच्यावरच. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेल्या पोराच्या पिशवीतही त्यातलाच एक डबा जातो.

त्यामुळं या खरेदीत झालेली चूक एका जेवणापुरती राहत नाही, वर्षभर पुरते. फसलेली भाजी दुसऱ्या दिवशी बदलता येते. फसलेली चटणी बदलता येत नाही.

हंगाम जुना असला तरी त्याचं रूप बदललंय. घरात माणसं कमी झाली. शेतात रोजानं जाणाऱ्या बाईला मिरची निवडणं, मसाले भाजणं, गिरणीवर नंबर लावणं यासाठी आठ-आठ दिवस मोडणं परवडत नाही. मग अख्ख्या मिरचीऐवजी तयार तिखटपूड, हळकुंडाऐवजी हळदपूड आणि खड्या मसाल्याऐवजी दहा रुपयांची पुडी घरात येते. यात गैर काही नाही. पण अख्खा माल घेताना डोळा, नाक आणि हात तिन्ही कामाला लागतात. पूड घेताना फक्त डोळा उरतो, आणि डोळ्याला दिसतो तो रंग. मसाल्याच्या बाजारातल्या बहुतेक लबाड्या याच एका जागेवर उभ्या आहेत. गिऱ्हाईक रंग मागतं, म्हणून बाजार रंग विकतो.

आधी वजनाचा हिशोब

मसाल्याची पारख करायला प्रयोगशाळा लागते असं नाही. पहिली परीक्षा पाटीवर नाहीतर मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होते. समजा, चांगली वाळलेली मिरची बाजारात २०० रुपये किलो आहे. देठ काढले, उन्हात घातली, खराब मिरच्या बाजूला केल्या, तर किलोमागं घट येतेच. एका किलोतली ८५० ग्रॅम उरली असं धरलं, तर एक किलो पुडीसाठी नुसती मिरचीच २३५ रुपयांची लागते. कांडपाची मजुरी, पिशवी, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा वेगळाच.

आता त्याच बाजारात तिखटपूड १८० रुपये किलोनं मिळत असेल, तर उरलेलं वजन कुठून आलं, हा प्रश्न विचारायलाच हवा. देठ आणि सालपटांसकट दळलेली, पांढरी पडलेली, पावसात भिजलेली मिरची त्यात असू शकते. तांदळाचा कोंडा, लाकडाचा भुसा किंवा विटेची पूड असू शकते. असला माल फिका दिसतो, मग तो लाल करण्यासाठी रंग. भेसळीचा क्रम बहुतेक वेळा हाच असतो : आधी वजन वाढवायचं, मग उतरलेला रंग चढवायचा.

हा हिशोब हळदीला लागू आहे, धन्याला आहे, मिऱ्याच्या पुडीला तर जास्तच. पूड ही अख्ख्या मालापेक्षा महागच पडायला हवी. ती स्वस्त मिळत असेल तर कोणीतरी नुकसान सोसतंय, आणि तो व्यापारी नसतो.

मिरची : रंग एकीचा, तिखट दुसरीचं

जिल्ह्यातल्या चटणीला लागणारी बरीचशी मिरची सीमेपलीकडून, कर्नाटकातून येते. हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीची मिरची आपल्याकडं बेडगी म्हणून ओळखली जाते. तिला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिची साल सुरकुतलेली, रंग गडद आणि तिखटपणा कमी. तिखटासाठी संकेश्वरी, लवंगी किंवा आंध्र-तेलंगणातली गुंटूर, तेजा अशी मिरची मिसळतात. घरोघरचं प्रमाण वेगळं असतं, पण तत्त्व एकच : रंग एकीचा घ्यायचा, तिखटपणा दुसरीचा. एकाच मिरचीत दोन्ही शोधायला गेलं की फसगत होते. ‘लालभडक आणि जाळ तिखट’ असं सांगून कोणी एकच पूड विकत असेल, तर तिथं थांबून विचार करावा.

बेडगीच्या नावावर मिळणारी प्रत्येक मिरचीही बेडगी नसते. दिसायला तिच्यासारखी, पण जास्त तिखट असणारी संकरित वाणं आता सर्रास येतात. ती वाईट नसतात, पण बेडगीच्या भावानं घेऊ नयेत. ओळखायचं कसं? एक मिरची मोडून जिभेच्या टोकाला लावावी. खरी बेडगी चटका देते, ठसका लावत नाही.

वाळलेली मिरची मुठीत दाबली तर कडकड वाजली पाहिजे, हलवली तर आतलं बी खुळखुळलं पाहिजे. मऊ, दमट लागणाऱ्या मिरचीत पाण्याचं वजन असतं, आणि ते मिरचीच्या भावानं मोजलं जातं. त्याहून मोठा धोका बुरशीचा आहे. ओल राहिलेल्या मिरचीत ‘अफ्लाटॉक्सिन’ नावाचं बुरशीजन्य विष तयार होऊ शकतं. ते भाजल्यानं किंवा शिजवल्यानं पुरतं जात नाही. मार्च-एप्रिलमधल्या अवकाळीत भिजलेला माल बाजारात आला की हा धोका वाढतो. म्हणून दोन-चार मिरच्या उभ्या चिरून आत पाहावं. आत काळपट-करडी बुरशी दिसली तर तो ढीग सोडून पुढं जावं, भाव कितीही पाडला तरी.

या भावामागं शेतकऱ्याचंही दुखणं आहे. ११ मार्च २०२४ रोजी ब्याडगी बाजार समितीत मिरचीचे भाव एकदम उतरले आणि संतापलेल्या शेतकऱ्यांनी समितीच्या कार्यालयावर चाल करून गाड्या पेटवल्या. आवक प्रचंड झाली की भाव कोसळतो आणि बराच माल शीतगृहात जातो. पुढच्या हंगामात तोच जुना माल नव्यात मिसळून बाजारात येऊ शकतो. जुनी मिरची खाण्यालायक असते, पण तिचा लाल रंग तपकिरीकडं झुकलेला असतो आणि वास मंदावलेला असतो. नव्याच्या भावानं ती घ्यायचं कारण नाही.

हळद : चकाकी कुठून आली?

हळदीच्या बाबतीत सांगलीकरांना कोणी शिकवायला नको असं वाटेल. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि इथला बाजार देशभर ओळखला जातो. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायची पद्धत होती. हळकुंड त्या पेवात वर्षानुवर्षं टिकायचं. २००५ च्या महापुरात पाणी शिरून बरीच पेवं निकामी झाली, पण त्या पद्धतीतला धडा अजून खरा आहे : हळकुंड टिकतं, पूड टिकत नाही. दळल्यापासून तिचा वास उडायला लागतो, आणि उजेडात ठेवली तर रंगही उतरतो.

तरीही हळद पिकवणाऱ्या गावातल्या किराणा दुकानात हळदपुडीची पाकिटं विकली जातात. मिरज किंवा वाळवा तालुक्यातला शेतकरी हळद शिजवतो, वाळवतो, पॉलिश करून सौद्याला पाठवतो, आणि घरात फोडणीला पाकीट फोडतो, हे चित्र दुर्मीळ राहिलेलं नाही. पाकिटावर ‘सांगली’ हे नाव असलं म्हणजे हळद सांगलीत पिकली असंही समजू नये. सांगली ही जशी हळद पिकवणारी, तशी दुसरीकडून आलेली हळद विकणारीही पेठ आहे.

शिजवून वाळवलेली हळद मुळात देखणी नसते. तिच्यावर खरबरीत, मातकट साल असते. ड्रममध्ये घालून फिरवली की साल घासली जाते आणि पिवळेपणा वर येतो. इथपर्यंत सगळं ठीक. पण या पॉलिशच्या टप्प्यावर कोणी रंग चढवला तर तो अख्ख्या हळकुंडावरच चढतो. म्हणजे ‘अख्खा माल घेतला की निर्धास्त’ हा नियम हळदीपुरता अपुरा पडतो.

बांगलादेशात हेच झालं. १९८० च्या दशकात पुरानं भिजून काळवंडलेली हळद खपवण्यासाठी तिथं लेड क्रोमेट हा पिवळा रंग वापरायची सवय लागली. तो भिंतीच्या रंगात वापरायचा पदार्थ आहे आणि त्यात शिसं असतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आणि ढाक्यातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये हे प्रकरण उघड केलं. नंतर तिथल्या सरकारनं बाजारात धाडी घातल्या, दंड केले, जागोजागी सूचना लावल्या. २०१९ मध्ये ४७ टक्के नमुन्यांत सापडलेलं शिसं २०२१ पर्यंत शून्यावर आलं. ठरवलं तर दोन वर्षांत फरक पडतो, याचा हा पुरावा आहे.

धोका शेजारच्या देशापुरता नाही. भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंकेतल्या २३ शहरांतल्या हळदीचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १४ टक्के नमुन्यांत ग्रॅममागं २ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसं सापडलं. भारतात हळदीसाठी ठरवलेली मर्यादा १० मायक्रोग्रॅम आहे. पाटण्यातल्या काही नमुन्यांत मात्र हा आकडा हजाराच्या वर होता. शिशाचं सुरक्षित असं कोणतंही प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो आणि तो भरून निघत नाही. रात्री दुधात हळद घालून पोराला द्यायची रीत घरोघरी आहे. ती हळद कुठली, हे विचारायला एवढं एक कारण पुरे.

हे सांगलीच्या हळदीवरचं बोट नाही. उलट, इथल्या गिऱ्हाइकाकडं एक सोय आहे जी पाटण्याच्या किंवा मुंबईच्या गिऱ्हाइकाकडं नाही. ओळखीच्या शेतकऱ्याकडून पॉलिश न केलेली किंवा फक्त घरगुती घासलेली पाच किलो हळद मिळवणं इथं अवघड नाही. चांगलं हळकुंड वजनाला भरीव असतं, मोडताना टणकन आवाज येतो, आणि आतून ते पिवळं-केशरी, मेणासारखं तुकतुकीत दिसतं. रंग आत पाहायचा, सालीवर नाही. बाहेरून झगझगीत आणि आतून फिकं असं हळकुंड दिसलं तर संशय घ्यावा. ‘पी हळद नि हो गोरी’ ही म्हण उतावळेपणाची चेष्टा करते. नुसती पिवळी दिसते म्हणून हळद घेणं हाही त्यातलाच प्रकार.

खडा मसाला : लांबचा माल, जवळची पारख

मिरची-हळद आसपासची असली तरी कांदा-लसूण मसाल्यात पडणारे बाकीचे जिन्नस देशभरातून, काही तर परदेशातून येतात. जिऱ्याची मोठी पेठ गुजरातमधल्या उंझ्याला, धन्याची राजस्थानातल्या रामगंज मंडीला, वेलची केरळच्या इडुक्कीची. लवंग, चक्रीफूल आणि बाजारातली जाड दालचिनी बरीचशी बाहेरच्या देशांतून येते. एवढ्या हातांतून आलेल्या मालाचं मूळ गिऱ्हाइकाला कळणं अशक्य. इथं नाक आणि बोटं कामाला येतात.

लवंगेचं डोकं शाबूत हवं आणि देठावर नख दाबलं तर तेलाचा ओलावा जाणवला पाहिजे. तेल काढून घेतलेली लवंग दिसायला लवंगच असते, पण हलकी होते आणि पाण्यात टाकली की तरंगते. चांगली लवंग तळाला जाते. मिऱ्यात पपईचं वाळलेलं बी मिसळलं असेल तर तेही पाण्यावर येतं. जिरं तळहातावर चोळावं. हात काळा झाला तर त्यात रंगवलेलं गवताचं बी असण्याची शक्यता आहे. धने हिरवट-पिवळसर आणि चोळताच घमघमणारे हवेत. तांबूस, निर्जीव धने जुने असतात.

दालचिनीची खरी सुरळी पातळ, अनेक पदरी आणि बोटानं चुरडणारी असते. जाड, कडक, एकपदरी साल ही तिची चुलत बहीण, कॅशिया. स्वयंपाकात ती चालते, पण तिच्यात कुमारिन हा घटक जास्त असतो. त्यामुळं रोज काढा करून पिणाऱ्यांनी तरी फरक ओळखावा. जायपत्रीच्या नावावर रामपत्री दिली जाते. दिसायला ती जवळची, वासाला मात्र फिकी.

हिंगाची गोष्ट वेगळी. दुकानात मिळतं ते बहुतेक ‘बांधानी’ हिंग, म्हणजे मूळ हिंगाच्या चिकात डिंक आणि पीठ मिसळून केलेलं. ही भेसळ नाही, कायद्यानं मान्य असलेला प्रकार आहे. फक्त पाकिटावर काय काय मिसळलंय ते लिहिलेलं असतं, ते वाचावं. मूळ हिंग आजवर मुख्यतः अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून आलं. भारतात त्याची लागवड हिमाचल प्रदेशातल्या लाहौल खोऱ्यात ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाली.

कांदा-लसूण मसाल्यात आणखी एक जिन्नस दगा देतो, तो म्हणजे खोबरं. २०२५ मध्ये खोबऱ्याचे भाव भडकले तेव्हा जुनी, तेलकट वाटी खपवायचा मोह वाढला. खवट वाटीचा एक तुकडा अख्ख्या पाच किलो चटणीचा वास बिघडवतो. वाटी फोडून, चव पाहूनच घ्यावी. दुकानदार चव बघू देत नसेल तर दुकान बदलावं.

पाण्याची परीक्षा कुठं चुकते

तिखटपूड पाण्यात टाकून पाहायची युक्ती आता सगळ्यांना माहीत आहे. पाण्याच्या ग्लासात वरून चिमूटभर पूड सोडली आणि रंगाच्या रेघा खाली उतरल्या तर पाण्यात विरघळणारा रंग मिसळलाय, तळाशी जड, रवाळ चोथा बसला तर विटेची पूड असू शकते. हळदीच्या पाण्याला लगेच गडद पिवळा रंग आला तर संशय घ्यावा. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणानंच अशा घरगुती चाचण्यांची पुस्तिका काढली आहे.

पण या परीक्षेत पास झालेला माल शुद्धच, असा अर्थ नाही. सूदान नावाचे लाल रंग तेलात विरघळतात, पाण्यात नाहीत. २००३ मध्ये युरोपात भारतातून गेलेल्या मिरची पुडीत सूदान सापडला, आणि २००५ मध्ये ब्रिटनमध्ये एका सॉसमार्गे तो शेकडो खाद्यपदार्थांत पोहोचल्याचं उघड झाल्यावर ते सगळे दुकानांतून काढावे लागले. पाण्याच्या ग्लासात तो कोणालाच दिसला नसता. शिसं दिसत नाही. बुरशीचं विष दिसत नाही. फवारणीचे अंशही दिसत नाहीत.

मोठं नाव हीही पुरती हमी नाही. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगनं दोन नामांकित भारतीय कंपन्यांच्या काही मसाल्यांची विक्री थांबवायला सांगितली, सिंगापूरनं एक मसाला परत मागवला. कारण होतं इथिलीन ऑक्साइड, म्हणजे जंतू मारण्यासाठी वापरला जाणारा वायू. त्यापासून कर्करोगाचा धोका मानला जातो. त्यानंतर देशभर नमुने घेतले गेले, आणि तपासून आलेल्या नमुन्यांत हा अंश आढळला नाही असं प्राधिकरणानं मे २०२४ मध्ये जाहीर केलं. यावरून सगळी पाकिटं वाईट असं होत नाही. पण परदेशातल्या एका बंदरावर तपासणी झाली म्हणून देशातली तपासणी हलली, एवढं मात्र दिसलं.

कायदा कागदावर, पूड काट्यावर

नियमाप्रमाणं दळलेला मसाला सुटा विकता येत नाही, तो पॅकबंदच विकावा लागतो. तिखटपूड, हळदपुडीत बाहेरून रंग घालायला परवानगी नाही. मिरची पुडीला खाद्यतेल लावायचं असेल तर ते २ टक्क्यांपर्यंतच, आणि कोणतं तेल किती लावलं ते पाकिटावर लिहून. आठवडी बाजारात मात्र लालभडक पुडीचे ढीग उघड्या गोणीत असतात आणि काट्यावर पावशेरानं विकले जातात. त्यावर ना नाव, ना तारीख, ना १४ अंकी परवाना क्रमांक. उद्या कोणाला त्रास झाला तर तक्रार कोणाविरुद्ध करायची, हेच कळत नाही. सुट्या पुडीतली खरी अडचण ही आहे.

अन्न सुरक्षा कायदा २००६ चा आहे. त्याच्या ४० व्या कलमानं साध्या गिऱ्हाइकालाही फी भरून माल सरकारी अन्न विश्लेषकाकडून तपासून घ्यायचा हक्क दिलाय. दोष निघाला तर फी परत मिळायची तरतूद आहे. पण त्यात एक अट आहे : माल घेतानाच दुकानदाराला सांगायचं, की हा मी तपासायला देणार आहे. ज्या गावात दुकानदार उधारी देतो, लग्नकार्याला बोलावतो, त्याला असं तोंडावर कोण सांगणार? त्यामुळं हा हक्क खेड्यात बहुतेक पुस्तकातच राहतो.

अधिकाऱ्यानं नमुना घेतला तर विश्लेषकाचा अहवाल १४ दिवसांत यायला हवा. निकृष्ट मालाला ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण चटणीचा हंगाम दोन महिन्यांचा असतो. नमुने दिवाळीला घेतले आणि मिरची एप्रिलमध्ये विकली गेली, तर त्या तपासणीचा गावाला उपयोग शून्य. तपासणी हंगामात आणि तालुक्याच्या बाजारात झाली पाहिजे. ग्रामसभेत हा ठराव करता येतो, ग्रामपंचायतीला अन्न व औषध प्रशासनाकडं बाजाराच्या दिवशी नमुने घेण्याची लेखी मागणी करता येते. एकट्या गिऱ्हाइकाला जे जड जातं ते गावानं मागितलं तर कोणाचं नाव पुढं येत नाही.

बचत गटाची चटणी मागं का पडते?

जिल्ह्यात महिला बचत गटांची चटणी, मसाले, हळद हा नवा विषय नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदानाची तरतूद आहे. कांडप यंत्र येतं, पॅकिंग यंत्र येतं. विक्रीला उभं राहिलं की मात्र गाडं अडतं, आणि ते रंगापाशीच अडतं.

गटानं देठ काढून, ऊन दाखवून, रंग न घालता केलेलं तिखट बाजारातल्या पुडीशेजारी ठेवलं की फिकं दिसतं आणि महाग असतं. गिऱ्हाईक दोन्हीकडं बघून ‘यांची लाल नाही’ म्हणत पुढं जातं. पुढच्या वर्षी त्या गटापुढं दोनच वाटा राहतात : रंग घालायचा, नाहीतर धंदा बंद करायचा. प्रामाणिक माल असा बाजारातून हद्दपार होतो. त्याला परप्रांतातला व्यापारी जितका कारण, तितकाच गल्लीतला आपला डोळा.

गटांचीही जबाबदारी आहे. पाकिटावर परवाना क्रमांक, दळल्याची तारीख, मिरचीचं वाण आणि घटक मोठ्या अक्षरात लिहिले, वर्षातून एकदा प्रयोगशाळेचा अहवाल करून दुकानात लावला, तर ‘घरगुती’ या शब्दाला वजन येईल. नुसतं घरगुती असणं म्हणजे शुद्ध असणं नव्हे. घरच्या गच्चीवरही मिरचीला बुरशी येते.

हंगामात जाता-जाता

चटणीला निघण्याआधी एवढं पाहिलं तरी बरंच साधेल :

- मिरची, हळद, धने शक्यतो अख्खे घ्यावेत. कांडपाला स्वतः थांबावं, आणि आधीच्या गिऱ्हाइकाचा माल यंत्रातून साफ झालाय का ते पाहावं.
- पूड घ्यायचीच तर पॅकबंद, परवाना क्रमांक आणि तारीख पाहून. पुडीचा भाव अख्ख्या मालापेक्षा कमी असेल तर ती घेऊ नये.
- तयार मसाल्याच्या पाकिटावर घटक उतरत्या प्रमाणात लिहिलेले असतात. पहिलीच नावं मीठ, साखर, स्टार्च अशी असतील तर मसाल्याच्या भावानं मीठ घेतलं जातंय. नूडल्स आणि चिप्सवर टाकायच्या ‘सीझनिंग’ पुड्यांत हे हमखास दिसतं.
- गरम मसाला वर्षाचा करू नये. खडा मसाला कोरड्या डब्यात ठेवून दोन-तीन महिन्यांपुरताच कुटावा.
- चटणी पूर्ण गार झाल्यावरच बरणीत भरावी, बरणी अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवावी, आत कोरडाच चमचा घालावा.
- घेतलेल्या मालाची पावती ठेवावी. संशय आला तर अन्न व औषध प्रशासनाकडं किंवा प्राधिकरणाच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपवर तक्रार करता येते.

बाजार कोणाच्या उपदेशानं बदलत नाही, मागणीनं बदलतो. आठवडी बाजारातल्या ढिगापुढं उभं राहून ‘अजून लाल आहे का?’ असं विचारणारं गिऱ्हाईक ‘कुठली मिरची आहे, कधी दळली?’ असं विचारायला लागलं, तर विक्रेत्याला उत्तर तयार ठेवावं लागेल. त्या दिवशी बचत गटाचं फिकं तिखट आणि शेतकऱ्याचं मातकट हळकुंड यांना त्यांचा खरा भाव मिळायला सुरुवात होईल. तोवर वर्षभराची आमटी लाल दिसेल, पण ती कशानं लाल झाली ते कोणालाच सांगता येणार नाही.